उभ्या गाडीतला कॅमेरा आणि बॅटरीतला राखीव साठा

चेन्नईच्या एग्मोरमधून बोलतोय. मागच्या भागात डॅशकॅम कुठला घ्यावा यावर बोललो होतो. त्यावर नागपूर, इंदूर, बडोदा, बेळगाव अशा चारी दिशांनी एकच प्रश्न आला : गाडी उभी असताना कॅमेरा चालू ठेवायचा तर बॅटरी उतरणार नाही का? उत्तर आहे, उतरते. माझी उतरली आहे. तीच गोष्ट आधी सांगतो, मग हिशेब आणि वायरिंगकडे येतो.

आमच्या इमारतीला खाली पार्किंग आहे, पण गाड्या जास्त आणि जागा कमी. त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस माझी गाडी बाहेर गल्लीत उभी असते. एग्मोरच्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या असतील तर सांगायला नको. स्टेशनवर जाणाऱ्या टॅक्सी, डिलिव्हरीवाली पोरं, पाण्याचे टँकर, सगळे तिथूनच. दोन वर्षांत बंपर दोनदा घासला, आरसा एकदा तुटला. कोणी केलं ते कळलं नाही. म्हणून मी कॅमेरा बसवून घेतला आणि बसवणाऱ्याला सांगितलं, गाडी बंद असतानाही चालू राहिला पाहिजे. त्याने तासाभरात वायर जोडली, 'कट-ऑफ आहे सर, बॅटरीची काळजी नको' असं म्हणाला, पैसे घेतले आणि गेला.

मीही विचारलं नाही की कट-ऑफ किती व्होल्टवर आहे. आयुष्यभर जवानांना 'तपासल्याशिवाय सही करू नका' सांगणारा माणूस मी.

पुढे एका शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता गाडी लावली. शनिवार-रविवार कुठे गेलो नाही. रविवारी रात्री पावणेबाराला सौ.ला दम्याचा झटका आला. पंप घेऊन उतरेना. तिला धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, चावी फिरवली. टक. टक. टक. सेल्फ लागेना. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन विझले. ऑटोमॅटिक गाडी, म्हणजे धक्का मारूनही उपयोग नाही. वर धावत जाऊन शेजारच्या मुलाला उठवलं. तो बिचारा बनियनवरच खाली आला, 'अंकल, माझ्या गाडीत बसा' म्हणाला आणि त्याने आम्हाला हॉस्पिटलात पोहोचवलं. सगळं ठीक झालं. पण चावी फिरवल्यापासून त्याची गाडी निघेपर्यंतची दहा-बारा मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर सौ. म्हणाली, "अहो, आपली धावपळ तरी त्या कॅमेऱ्यात आली का?" पाहिलं. शेवटचं रेकॉर्डिंग रविवारी सायंकाळी सातचं. म्हणजे कट-ऑफने आपलं काम केलं होतं. फक्त त्याने कॅमेरा बंद केला तेव्हा गाडीसाठी काही उरलंच नव्हतं.

आता हिशेब. वही-पेन घ्या, अवघड नाही.

लहान पेट्रोल गाडीच्या बॅटरीवर साधारण ३५ अँपिअर-तास असं छापलेलं असतं. याचा ढोबळ अर्थ, १ अँपिअर करंट ३५ तास. माझा कॅमेरा गाडीच्या वायरवर मीटर लावून मोजला, रेकॉर्डिंग चालू असताना तो ०.३२ अँपिअर खातो, म्हणजे चार वॉटच्या आसपास. तुमच्या कॅमेऱ्यात मागचीही लेन्स असेल तर थोडा जास्त. त्याशिवाय गाडी स्वतःही काही खाते. अलार्म, रिमोटचं कुलूप, घड्याळ, कॉम्प्युटरची आठवण. चांगल्या स्थितीतल्या गाडीत हे २० ते ५० मिलिअँपिअर असतं, माझ्या गाडीत ४०. दोन्ही मिळून ०.३६ अँपिअर. शुक्रवारी सहा ते रविवारी सात म्हणजे ४९ तास. गुणाकार करा : साडेसतरा अँपिअर-तासांच्या वर.

तुम्ही म्हणाल, ३५ मधले साडेसतरा गेले, निम्मे शिल्लक राहिले, मग गाडी का उठली नाही? कारण ३५ हा आकडा नव्या बॅटरीचा. माझी साडेतीन वर्षांची होती आणि ती चेन्नईत साडेतीन वर्षांची झाली होती. पुढे बॅटरी तपासून घेतली तेव्हा कळलं, तिच्यात जेमतेम २० उरले होते. म्हणजे कॅमेऱ्याने जवळजवळ सगळी टाकी रिकामी केली होती.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते विषयातच आहे. मी १९८४ साली इथल्याच ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधून पास आऊट झालो. सेंट थॉमस माउंटजवळ आहे ते, १९८८ पासून त्याला अ‍ॅकॅडमी म्हणतात. तिथून पुढे काही वर्षं लडाखमध्ये काढली. तिकडे थंडीत बॅटरी म्हणजे लहान मूल. रात्री काढून बुखारीच्या उबेत ठेवायची, पहाटे परत जोडायची. थंडीत तिची ताकद निम्मी होते आणि इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, त्यामुळे जरा दुबळी बॅटरी असली की पहिल्याच थंड सकाळी ती उघडी पडते. आपल्याला कळतं, बदलायची वेळ आली.

चेन्नईत उलट. उष्णतेने बॅटरी आतून झिजते, रासायनिक क्रिया वेगाने होतात, जाळ्या गंजतात, पाणी उडतं. ३१ मे २००३ ला इथे शेजारच्या नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत ४५ अंश नोंदले गेले होते. बॉनेटखाली किती असेल ते तुम्हीच धरा. पण याच उष्णतेत इंजिन सहज फिरतं, त्यामुळे मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा रोज सकाळी गाडी चालू करून देते. काही कुरकुर नाही, सूचना नाही. मग तिच्यावर दोन दिवस कॅमेऱ्याचा भार टाकला की ती एकदम हात वर करते. नागपूर, सोलापूर, जळगाववाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. लेहमध्ये जी चूक लगेच दिसते, ती आपल्या हवेत लपून राहते.

आता कट-ऑफकडे. कॅमेरा कायम चालू ठेवण्यासाठी जो छोटा डबा मिळतो, त्याला दुकानात हार्डवायर किट म्हणतात. तो बॅटरीचे १२ व्होल्ट उतरवून कॅमेऱ्याला ५ व्होल्ट देतो आणि बॅटरीचा व्होल्टेज ठरलेल्या आकड्याखाली गेला की पुरवठा तोडतो. बऱ्याच किटवर बारीक स्विच असतो : ११.६, ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे त्यातले काही आकडे. काहींमध्ये हीच सेटिंग कॅमेऱ्याच्या मेनूत असते. माझा होता ११.६ वर. 'जास्तीत जास्त वेळ रेकॉर्डिंग मिळेल' म्हणून बसवणाऱ्याने तिथे ठेवला असणार.

हे आकडे नीट समजून घ्या. इंजिन बंद करून काही तास शांत राहिलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते तेव्हा ती भरलेली असते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव. ११.६? तिथे काहीच नाही. १२ व्होल्टची बॅटरी ११.६ म्हणजे 'फक्त ०.४ ने कमी' असं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. भरलेली आणि रिकामी यांच्यातलं सगळं अंतर एका व्होल्टपेक्षाही कमी आहे.

शिवाय ही शिशाची बॅटरी खोलवर रिकामी करण्यासाठी बनलेलीच नाही. गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये ती शोधली आणि गाडीतलं तिचं काम आजही एकच आहे : दोन सेकंद शे-दीडशे अँपिअर द्यायचे आणि लगेच पुन्हा भरून घ्यायचं. तिला दोन-चार वेळा पूर्ण रिकामी करून तशीच ठेवली की आत सल्फेटचा थर बसतो आणि मग तिची मूळ ताकद परत येत नाही.

म्हणून माझा नियम : बॅटरी नवी असेल तर कट-ऑफ १२.२ वर. दोन वर्षांच्या पुढची असेल तर १२.४ वर. १२ च्या खाली कधीच नाही, दुकानदार काहीही सांगो. आणि व्होल्टेजवर एकट्यावर विसंबू नका, कारण झिजलेली बॅटरीसुद्धा १२.४ दाखवते. व्होल्टेज सांगतो हौद किती टक्के भरलाय, हौदच लहान झालाय हे तो सांगत नाही. त्यासाठी घड्याळ लावा. बहुतेक चांगल्या किटमध्ये किंवा कॅमेऱ्यात टायमर असतो : गाडी बंद केल्यापासून इतके तास, मग बंद. मी १२ तास ठेवतो. १२ तासांत माझ्या हिशेबाने सव्वाचार अँपिअर-तास जातात. नव्या बॅटरीला ते परवडतं.

एक अडचण आधीच सांगतो. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर पेट्रोल वाचवण्यासाठी बॅटरी मुद्दाम पूर्ण भरत नाही. अशा गाडीत १२.४ लावलं तर कॅमेरा तासाभरात बंद पडतो आणि लोकांना वाटतं किट खराब आहे. तिथे १२.२ आणि टायमर कमी, सहा तास, असं करा. आणि ज्या गाड्यांत सीटखाली दुसरी लिथियम बॅटरी असते, तिला कोणीही हात लावू नये. बसवणारा म्हणाला 'तिथून घेऊ या', तर गाडी घेऊन घरी या.

वायरिंग. किटच्या तीन वायरी असतात. बहुधा पिवळी कायम चालू असलेल्या फ्यूजवर, लाल चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवर, काळी बॉडीला अर्थ. रंग कंपनीप्रमाणे बदलतात, कागद वाचा. लाल वायरीचं काम कॅमेऱ्याला खबर देणं की गाडी चालू आहे की उभी. ती खबर मिळाली की तो पार्किंग मोडमध्ये जातो. काही लोक दोन्ही वायरी कायम चालू फ्यूजवर जोडतात. मग कॅमेऱ्याला गाडी सतत चालूच वाटते, तो रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग करतो, टायमर सुरूच होत नाही.

वायर सोलून, पिळून, टेप लावून जोडू देऊ नका. फ्यूज टॅप मिळतो, मूळ फ्यूज काढून त्याच्या जागी बसतो, त्यात मूळ फ्यूजही राहतो आणि कॅमेऱ्याचा वेगळा, २ किंवा ३ अँपिअरचा. इथे चिंताद्रिपेटजवळ रिची स्ट्रीटवर, जनरल पॅटर्स रोडवर किंवा पुदुपेटच्या बाजारात सहज मिळतो. पुण्या-मुंबईतही. पण फ्यूजचे आकार तीन-चार प्रकारचे असतात, दिसायला भावाभावांसारखे. तुमचा फ्यूज खिशात घालून दुकानात जा. एअरबॅग, ब्रेक, इंजिनचा कॉम्प्युटर यांचे फ्यूज सोडून द्या. सॉकेट, आतला दिवा, रेडिओ, यातलं काहीतरी निवडा. काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना तिथल्या एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून नाही. एअरबॅग फुगताना वायर तिच्या वाटेत आली तर काय होईल याची कल्पना करा.

गाडी स्वतः किती खाते हे मोजल्याशिवाय कॅमेऱ्याला दोष देऊ नका. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडतात. दारं बंद, चावी लांब ठेवा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. पहिल्या मिनिटात आकडा पाहून घाबरू नका. मीटर जोडलेला असताना चुकून सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. क्लॅम्प मीटरने वायर न सोडवता मोजता येतं, पण तो डीसी करंट मोजणारा हवा. स्वस्तातले फक्त एसी मोजतात. रिची स्ट्रीटवर एकाने मला तो 'सगळं मोजतो सर' म्हणून दिला होता. घरी आणून लावला तर शून्य. दुसऱ्या दिवशी परत केला, भांडण न करता, वयाचा फायदा घेऊन.

आता दुसरे मार्ग. अनेकांनी विचारलं, मोबाईलची पॉवर बँक का नको? चालते, पण दोन कारणांनी मी नाही म्हणतो. एक, कॅमेरा स्टँडबायमध्ये इतका कमी करंट घेतो की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलंच नाही आणि त्या बंद होतात. दुसरं कारण मोठं. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ६० अंशांच्या वर जातो. लिथियमची बॅटरी तिथे ठेवणं म्हणजे दारूगोळा उन्हात वाळत घालणं. चांगल्या डॅशकॅममध्ये म्हणूनच बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो. कॅमेरा घेताना तेवढं जरूर विचारा.

गाडीला रोज लांब पल्ला असेल तर वेगळा बॅटरी पॅक उत्तम. लिथियम आयर्न फॉस्फेटचा, १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तास असा साधारण मिळतो. गुणाकार केला तर ७७ वॉट-तास, चार वॉटच्या कॅमेऱ्याला १९ तास. गाडी चालू असताना तो भरतो, बंद झाली की कॅमेरा त्याच्यावर चालतो, आणि मुख्य बॅटरीला कोणी हात लावत नाही. सीटखाली सावलीत ठेवायचा. किंमत मात्र कधी कधी कॅमेऱ्याहून जास्त. आणि माझ्यासारखा एग्मोर ते नुंगंबाक्कम भाजी आणायला जाणारा माणूस असेल तर तो पॅक कधी भरतच नाही. मुख्य बॅटरीचंही तेच आहे. रात्री सव्वाचार अँपिअर-तास काढले आणि सकाळी एसी, दिवे लावून ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं गाडी फिरवली, तर काढलेलं परत येत नाही. शिशाची बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा फार हळू भरते, त्याला तासच लागतात. महिन्यातून एकदा घरचा चार्जर लावून रात्रभर भरणं हा त्यावरचा स्वस्त उपाय.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये. त्यांच्याही गाडीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही दार उघडत नाही. काही गाड्या तिला आपोआप भरतात, काही नाही. मॅन्युअल पाहा.

सौर पॅनेल काचेला लावायचं का? पार्किंगमध्ये सावली शोधणारे आपण, त्याला ऊन कुठून देणार. पुढे जाऊ.

एक प्रसंग मात्र चेन्नईकरांसाठी सांगतोच, मुंबईकरांनाही लागू आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळात इथे गाड्या पाण्यात गेल्या. त्याची धास्ती अशी बसली की ऑक्टोबर २०२४ मध्ये मुसळधार पावसाचा इशारा येताच लोकांनी वेलाचेरीच्या उड्डाणपुलावर रांगेने गाड्या नेऊन लावल्या. शहाणपणाचंच काम. पण अशी गाडी दोन-तीन दिवस पुलावर राहते, शेजारून वाहनं जातात, आणि हालचाल दिसली की रेकॉर्ड करणारा कॅमेरा क्षणभरही झोपत नाही. पाणी ओसरल्यावर पुलावर चढून चावी फिरवाल आणि ऐकाल ते माझं टक-टक. गाडी एक दिवसाहून जास्त उभी राहणार असेल तर हालचालीवर रेकॉर्डिंग बंद करा आणि फक्त धक्क्यावर जागा होणारा मोड लावा. त्यात कॅमेरा काही मिलिअँपिअरवर पडून राहतो. धक्क्याआधीचे काही सेकंद मिळत नाहीत, हे खरं. पण गल्लीत रात्री समोरच्या दिव्यांच्या झोतात नंबर प्लेट वाचता येतेच असंही नाही. माझ्या सहा महिन्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये नंबर स्पष्ट दिसला तो एकदाच, आणि तो दुधवाल्याचा होता. त्याने आरसा दुमडून जागा केली होती आणि जाताना पुन्हा सरळ करून गेला.

जे मिळेल ते जपायचं असेल तर मूळ कार्ड काढून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत पुरावा म्हणून कमजोर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यावर वेगळा भाग करीन, वकील मित्राला बसवून.

आता माझ्या गाडीची आजची व्यवस्था सांगतो, म्हणजे प्रश्न कमी येतील. नवी बॅटरी, कट-ऑफ १२.२, टायमर १२ तास. गल्लीत असेल तेव्हा हालचालीवर रेकॉर्डिंग, खाली पार्किंगमध्ये असेल तेव्हा फक्त धक्क्यावर. फौजेत गाड्यांची संध्याकाळी लास्ट परेड होते, तेल, पाणी, टायर, बॅटरी पाहून मगच ड्रायव्हर जेवायला. माझी लास्ट परेड रविवारी रात्री, सॉकेटमध्ये अडकवायचा छोटा व्होल्टमीटर, दोन मिनिटं. १२.४ च्या खाली दिसलं तर सोमवारी चार्जर. डिकीत जम्पर केबल, आणि त्या कशा जोडायच्या हे सौ.लाही शिकवलं आहे, आधी लाल, शेवटी काळी इंजिनच्या लोखंडाला. तिने माझ्या समोर एकदा जोडून दाखवल्या.

महिनाभर पुण्याला लेकीकडे जातो तेव्हा कॅमेऱ्याचा फ्यूज काढून हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवतो. चावी शेजारच्या त्या मुलाकडे. तो शनिवारी गाडी अर्धा तास चालवून आणतो, मरीनाला बायकोला घेऊन जातो. पेट्रोल माझं.